शिपायाच्या घरची मूठ

आमच्या गावात लग्नाच्या जेवणाला मीठ विकत आणत नसत. लग्नघरच्या चुलवणावर डाळीचा मोठा टोप चढला, की गावातल्या प्रत्येक घरातून एक बाई निघायची. उजव्या हाताची मूठ मिठाने भरलेली आणि वर पदर. आधी खाडीच्या बांधाकडची घरं, मग मधली आळी, शेवटी देवळाजवळची, अशी बायकांची रांग लागायची. टोपाजवळ लग्नघरातली सगळ्यांत वडीलधारी बाई उभी असायची. मूठ टोपात पडली, की ती त्या घराचं नाव मोठ्याने पुकारायची. नाव म्हणजे आडनाव नव्हे. "बांधावरची आली." "पिंपळाखालची आली." "खोताकडची आली." आमच्याकडे लग्न लावणारी आणि लग्नाची गाणी म्हणणारी बाई असते, तिला धवलारीण म्हणतात. ती प्रत्येक हाकेला गाण्याची एक ओळ जोडायची. रांग संपेपर्यंत गाणं चालायचं. मग आचारी डाळ ढवळायचा, आणि ती डाळ साऱ्या गावाची व्हायची.

एका घराची मूठ मात्र घेत नसत. ते घर आमचं.

आम्हाला आवतण यायचं, पंगतीत पान मांडलं जायचं, आहेर दिला-घेतला जायचा. कुणी वाकडं बोलत नसे. फक्त मिठाची रांग लागली, की आमच्या घरातली बाई आपल्या ओट्यावर बसून राहायची. गावात आम्हाला 'शिपायाच्या घरचे' म्हणत. टोपाजवळ ते नाव कधी पुकारलं गेलं नव्हतं. माझ्या आईला ते एकदा ऐकायचं होतं. आईने आयुष्यात फार काही मागितलेलं मला आठवत नाही. हे एक मागितलं.

गाव दिवा स्टेशनच्या पुढे, खाडीच्या काठाला. पूर्वी सगळं पोट मिठागरांवर. इंग्रजांच्या काळात गुडघाभर चिखलात उभं राहून मीठ पिकवणाऱ्या माणसाला तेच मीठ कर भरून दुकानातून घ्यावं लागायचं. मिठाच्या राशींवर पहारा असे. पहाऱ्याला शिपाई गावातलाच नेमला होता, कारण गावची माणसं अंधारात चालण्यावरूनही गावच्याच माणसाला ओळखू येतात. तो शिपाई म्हणजे माझा पणजोबा. गावात पायात पहिल्यांदा बूट घातले ते त्याने.

मिठाच्या सत्याग्रहाचं वारं आमच्या खाडीपर्यंत आलं तेव्हा गावच्या बायका पहाटे मिठागरात उतरल्या आणि मुठी मुठी मीठ उचलून घरी घेऊन आल्या. त्याच आठवड्यात आमच्या समोरच्या घरात लग्न होतं. नवरामुलगा सत्याग्रहात पुढे होता. बायकांनी ठरवलं, की लग्नाच्या डाळीला हेच मीठ घालायचं, सरकारचा कर न भरलेलं. प्रत्येक घराने एक मूठ आणली. मुठींची रीत तेव्हापासूनची.

मीठखात्याचा साहेब पोलीस घेऊन आला, त्याच्यापुढे माझा पणजोबा होता. कोणत्या घरात मीठ कुठे ठेवतात हे साहेबाला कसं कळणार? ते पणजोबाला माहीत होतं. तो घराघरांत शिरला. बायकांची मिठाची मडकी त्याने स्वतःच्या हाताने उचलली आणि बांधावर नेऊन खाडीत पालथी केली. शेवटी तो मांडवात गेला आणि अंगाला हळद लागलेल्या नवऱ्यामुलाला त्याने दंडाला धरून बाहेर आणलं.

ही गावाची हकिगत झाली. आमच्या घरात ती थोडी वेगळी सांगायचे. वडील म्हणायचे, "साहेब मागे उभा होता. बापजाद्यांत पहिल्यांदा कुणाला वर्दी मिळालेली. तो काय साहेबाला नाही म्हणणार होता?" ते असंही सांगायचे, की स्वातंत्र्य आलं तरी पणजोबा त्याच राशींवर, त्याच खात्यात पहाऱ्याला राहिला. फक्त टोपीवरचा बिल्ला बदलला. झेंडावंदनाला तो रांगेच्या टोकाला ताठ उभा राहायचा आणि कुणी बघायच्या आत निघून जायचा. मी त्याला पाहिलेलं नाही. त्याचा फोटोही नाही. शिपायाचा फोटो कोण काढणार?

पण तुरुंगात गेलेला तो नवरामुलगा मी म्हातारा झालेला पाहिला. ते आमचे समोरचे आजोबा. आणि ज्या मुलीचं लग्न त्या दिवशी मांडवात थांबलं, नवरा सुटून आल्यावर मगच जिच्या डोक्यावर अक्षता पडल्या, ती समोरची आजी. माझ्या लहानपणी गावातल्या साऱ्या लग्नांत कुणाची मूठ घ्यायची याचा शेवटचा शब्द तिचा होता.

आई टिटवाळ्याकडची. तिला हे काही माहीत नव्हतं. लग्न होऊन आली तेव्हा आळीतल्या नळावर तिची पहिली ओळख झाली ती समोरच्या घरच्या सुनेशी, म्हणजे माझ्या काकीशी. नात्याने ती आमची कुणी नव्हती, पण मी बोलायला लागले ते तिला काकी म्हणतच. पाणी यायचं बेताचं, नळावर हंड्यांची रांग लागायची, आणि या दोघी तिथे तासन्‌तास उभ्या असायच्या.

"ओ शिपायीन," काकी ओरडायची, "हंडा सरकव. का यालाबी पहारा लावलास?"

"तुमीच मोडा गो कायदा, सत्याग्रहीनबाई. तुमच्या घरची सवय ना ती!"

सगळा नळ हसायचा. ज्या गोष्टीने दोन घरांमध्ये एवढी जुनी रेघ ओढली होती, तिचीच त्या दोघींनी चेष्टा करून टाकली होती. दोघीही बाहेरून आलेल्या. दोघींपैकी कुणीच ना मीठ उचललं होतं ना सांडलं होतं. काकीच्या बाळंतपणात आईने तिच्या मुलाला महिनाभर न्हाऊ घातलं. मला गोवर आला तेव्हा काकी आमच्या दारात कडुलिंबाचे डहाळे बांधून गेली. वर्षभर सगळं एकत्र चालायचं आणि लग्नाचा मांडव पडला, की आई ओट्यावर बसायची.

मी तिसरीत असेन. समोरच्या घरात आजीच्या धाकट्या मुलाचं लग्न निघालं. रांग लागायच्या वेळी आईने नवी साडी नेसली, बरणीतलं खडे मीठ मुठीत घेतलं, पदर टाकला आणि मला म्हणाली, "चल."

आम्ही रांगेत उभ्या राहिलो. पुढच्या बाईने मागे वळून पाहिलं आणि लगेच मान पुढे फिरवली. एकेक नाव पुकारलं जात होतं, धवलारीण गात होती. काकी चुलवणाच्या पलीकडे पत्रावळींचे गठ्ठे लावत होती. तिने आईला पाहिलं आणि तिचे हात थांबले.

आई टोपाशी पोचली. आजीने तिच्या तोंडाकडे पाहिलं, मग पदराखालच्या मुठीकडे. मग तिने आपला तळहात टोपावर, त्या वाफेवर, आडवा धरला.

"तुजी मूठ राहू दे बाय," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "जेवाला मातर पयल्या पंगतीला बस. उपाशी गेलीस तर मना वाईट वाटंल."

धवलारीण क्षणभर थांबली आणि पुढच्या ओळीला गेली. आई रांगेतून बाजूला झाली. मागे हाक आली, "देवळाजवळची आली."

घरी येऊन आईने मूठ बरणीवर उघडली. खड्यांचे लाल वळ तिच्या तळहातावर उठले होते. तिने तोंड धुतलं, माझी वेणी नीट केली आणि आम्ही दोघी पहिल्या पंगतीला जाऊन जेवलो. आजी स्वतः वाढायला आली आणि आईच्या पानात वालाची भाजी दोनदा वाढून गेली. आई नको म्हणाली नाही.

मी आज डोंबिवलीच्या एका शाळेत इतिहास शिकवते. आमच्या घराण्यात पदवी घेतलेली मी पहिली. त्याचं श्रेय मी ज्यांना देते त्यांत समोरच्या आजोबांचं नाव फार वर आहे, आणि हे सांगताना मला अजून भरून येतं.

पंधरा ऑगस्टला आमच्या शाळेत झेंडा त्यांच्या हस्ते असायचा. चौथीत माझा पहिला नंबर आला म्हणून बक्षीस द्यायला गुरुजींनी मला पुढे बोलावलं. आजोबांना तेव्हा कमी दिसायचं. त्यांनी विचारलं, "कोनाची गो तू?"

मी म्हणाले, "शिपायाच्या घरची."

गुरुजींचा चेहरा पडला. आजोबा मात्र खो-खो हसले. "आरं तिच्या! म्हनजे सलाम ठोकायला तुला शिकवाला नको." मग माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "शीक. थांबू नको."

दहावीनंतर वडील मला पुढे पाठवायला तयार नव्हते. ते मोहन्याच्या कारखान्यात पाळीवर जायचे, मुलगी रोज एकटी कल्याणला कॉलेजात जाणार हे त्यांना पटत नव्हतं. आजोबांच्या कानावर गेलं. एका सकाळी त्यांनी आपल्या ओट्यावरूनच आळीला ऐकू जाईल अशी हाक मारली, "अरे, तुज्या आज्याच्या वर्दीला मी नाय घाबरलो. तू पोरीच्या कालेजाला काय घाबरतंस?"

वडील खाली मान घालून हसले. जूनमध्ये मी कल्याणला गेले.

कॉलेजात आम्हाला स्वातंत्र्यचळवळ शिकायला होती. पुस्तकात दोन बाजू होत्या, एक लढणाऱ्यांची आणि एक सरकारची. सरकारच्या बाजूला उभा असलेला माणूस संध्याकाळी त्याच आळीत जेवायला येतो, याबद्दल त्यात काही नव्हतं. एका दुपारी मी आजोबांसमोर जाऊन बसले आणि विचारलं, "आजोबा, तुम्ही आम्हाला कधी परकं मानलं नाही. मग आईची मूठ का चालत नाही?"

त्यांनी सुपारी कातरायला घेतली.

"ठान्याच्या तुरुंगात मना भाकर कोनी आनून दिली, ठावं हाय?"

मी नाही म्हणाले.

"तुज्या पनज्यानं. वर्दीत आलता, मंग त्याला कोन अडवनार? तुज्या या आजीनं फडक्यात बांधून दिलती. लगीन अर्धं राहिलेलं, वयानं लहान, ती कुठं जानार ठान्याला? तीच गेली शिपायाच्या दारात, बोल्ली, नेऊन दे. त्यानं नेली. एकदा नाय, लय वेला."

"मग?"

"मंग काय? मना त्यानं धरलं ते हुकमानं. मी तुरुंगात जायालाच निगालो व्हतो, कोनीतरी धरनारच व्हता. मी ते कवाच सोडून दिलं. पन तो बूट घालून बायकांच्या चुलीपाशी गेला. मडकी त्यांची व्हती. ते माफ कराचं का नाय, मी कोन सांगनार?" त्यांनी आत स्वयंपाकघराकडे मान हलवली. "मीठ बायकांचं. तिथं माजं काय चालत नाय."

आजी आतच होती. तिने ऐकलं असणार. बाहेर येऊन तिने माझ्यासमोर चहा ठेवला आणि म्हणाली, "बिस्कूट खा. बारीक झालीस." एवढंच.

त्या दिवशी मला कळलं, की आईला जे हवं होतं ते फक्त एकाच माणसाकडे होतं, आजीकडे.

काकीच्या मुलाचं लग्न झालं तेव्हा आजी खूप थकली होती, पण टोपाजवळ खुर्ची टाकून बसली. आई ओट्यावरून उठली नाही. संध्याकाळी काकी आमच्याकडे आली, आईच्या शेजारी बसली आणि म्हणाली, "माज्या हातात आलं ना, की पयली मूठ तुजी. मी बोल्ले म्हनजे बोल्ले."

आई म्हणाली, "पयली कशाला गो? मना मधी कुठंतरी चालंल."

पुढे सगळं भराभर झालं. आजोबा गेले, मग आजी गेली. मिठागरं आधीच बंद पडत आली होती. त्यांत भराव पडला, भरावावर इमारती उठल्या. आमची आळी बिल्डरने घेतली आणि जुन्या घरांच्या जागी सात मजले चढले. काकी आता तिसऱ्या मजल्यावर राहते. वडील गेल्यावर आई माझ्याकडे डोंबिवलीला आली. नळ नाही, रांग नाही. दोघी फोनवर भांडतात.

"शिपायीन, पानी आलं का तुमच्याकडं?"

"आमच्याकडं चोवीस तास हाय. तुमीच बसा उपास करत."

गावची लग्नं हॉलमध्ये आणि लॉनवर व्हायला लागली. तिथे जेवणाचं कंत्राट असतं, टोप पडद्यामागे असतो. मुठीची रीत कुणी मोडली नाही. तिला उभं राहायला जागा उरली नाही, एवढंच. मी वर्गात दरवर्षी मिठाचा धडा शिकवते. मुलांना सांगते, की एक मूठ मीठ उचलणं ही केवढी मोठी गोष्ट होती. ती मूठ एखाद्या बाईकडून न घेणं ही केवढी मोठी गोष्ट होती, ते सांगायला धड्यात जागा नाही. तरी दरवर्षी तिथे आले, की मी थोडी थांबते.

या वर्षी काकीच्या नातवाचं लग्न ठरलं. काकीने फोन केला. मी स्पीकरवर ठेवला.

"ऐक, हलदीचं जेवन मी बिल्डिंगखालीच ठेवलंय, दुपारचं. पोरगं बोलतं लॉन घेऊ, मी बोल्ले लग्नाला घे, हलद माजी. टोप खाली चढनार. तू मूठ घेऊन येनार हायस."

आईने फोन जवळ ओढला. मग म्हणाली, "बाकीच्या?"

"गावच्या सगल्या बायकांना मोबाईलवर बोलून ठेवलंय, ग्रुपमधी. समद्यांनी आंगठे दाखवले."

आईने पंधरा दिवस आधीपासून मला खडे मीठ आणायला सांगितलं. पिशवीतलं बारीक मीठ तिला चालणार नव्हतं, मुठीतून गळतं म्हणाली. मी तीन दुकानं हिंडून आणलं. तिने त्याला ऊन दाखवलं, ते निवडलं आणि बरणीत भरलं. हळदीच्या दिवशी ती सकाळपासून तयार होऊन बसली. मी तिचं एवढं घाईत असणं फार वर्षांनी पाहत होते.

बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये मांडव होता. स्पीकरवर हळदीची गाणी एवढ्या जोरात, की शेजारच्याशी ओरडून बोलावं लागत होतं. धवलारणीला बोलावलं होतं, पण ती लिफ्टजवळ खुर्चीवर बसली होती. तिच्या आवाजाला माईक नव्हता. एका कोपऱ्यात गॅसच्या शेगड्या आणि टोप. आचाऱ्याला काकीने सकाळीच बजावलं होतं, की मोठ्या टोपातल्या डाळीला मीठ घालायचं नाही, मीठ गावातून येणार आहे.

"मावशी, कधी येणार?" तो पुन्हा पुन्हा विचारत होता. "पब्लिक बसायला लागली."

"येतंय, येतंय. घाई काय तुला?"

आई मुठीवर पदर घेऊन टोपाजवळ उभी राहिली. मग तिने मागे वळून पाहिलं. मीही पाहिलं. बायका आल्या होत्या. बांधावरच्या, पिंपळाखालच्या, देवळाजवळच्या, सगळ्या होत्या. पिवळ्या साड्या नेसून त्या खुर्च्यांवर बसल्या होत्या, फोटो काढत होत्या. कुणाच्या हातात मूठ नव्हती. काकीने पिंपळाखालच्या सुनेला विचारलं, "मीठ कुठं तुजं?"

"कसलं मीठ, काकी?"

"ग्रुपमधी बोल्ले ना मी! तू आंगठा टाकलास!"

"अय्या, मला वाटलं हळदीला लवकर या बोलताय. मागे गाणी लागली होती, मेसेज नीट ऐकूच नाही आला."

बांधावरच्या वहिनी आईच्या वयाच्या. त्या उठून आल्या. "मना आठवन व्हती गो," त्या म्हणाल्या. "पन घरात पिशवीचंच मीठ. आनि सून बोल्ली, आता कोन टाकतं? मना लाज वाटली."

काकी टोपाजवळ येऊन उभी राहिली. तिचा चेहरा उतरला होता, पण तिने खांदे ताठ केले, सासू उभी राहायची तशीच उभी राहिली आणि आईला म्हणाली, "ये."

आईने हात टोपावर नेला आणि मूठ उघडली. काकीने सगळा जोर लावून हाक दिली, "शिपायाच्या घरची आली!"

स्पीकरवर गाणं चढलं होतं. मला हाक ऐकू आली, कारण मी हातभर अंतरावर होते. आचाऱ्याला ऐकू आली असेल. व्हिडिओवाल्या मुलाला काहीतरी दिसलं, तो धावत आला. "आजी, मस्त! परत एकदा टाका ना, अँगल नाही मिळाला."

"एकदा टाकलं ते टाकलं," आई म्हणाली.

आईच्या मागे रांगेत आणखी कुणी नव्हतं. आईने बाजूला व्हायचं म्हणून एक पाऊल टाकलं, आणि मग तिच्या लक्षात आलं, की बाजूला होण्याची गरज नाही.

आचाऱ्याने डाळ ढवळली, पळीवर घेऊन चाखली आणि काकीकडे पाहिलं. एवढ्या टोपाला एक मूठ. "अळणी आहे मावशी. टाकू का?"

काकी आईकडे बघत राहिली. आईच म्हणाली, "टाक रे बाबा. लोकांना जेवायचंय."

त्याने पिशवी फोडली आणि बेताबेताने मीठ ओतलं. दोन मिनिटांत डाळ बरोबर झाली. चांगली झाली होती. काकी आणि आई शेजारी शेजारी बसून जेवल्या. काकीने आपल्या ताटातला घावन आईच्या ताटात टाकला, आईने तो परत काकीच्या ताटात टाकला, असं थोडा वेळ चाललं.

"राग आला का गो तुला?" काकीने विचारलं.

"कशाचा राग? तू शब्द पाळलास."

"पयली मूठ तुजी, बोल्ले व्हते."

"हां," आई म्हणाली. "आनि शेवटचीबी."

दोघी हसल्या. काकीला हसता हसता ठसका लागला, आईने तिच्या पाठीवर थापट्या मारल्या. मला वाटलं, झालं. जे हवं होतं ते झालं. उशिरा का होईना, नाव पुकारलं गेलं. इतिहासाच्या शिक्षिकेला अशा वेळी बरं वाटतं, काहीतरी पूर्ण झाल्यासारखं.

उन्हं कलती झाली तशा आम्ही रिक्षाने निघालो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नव्या इमारतींच्या जाहिराती. मध्येच एका मोकळ्या तुकड्यात जुन्या मिठागराचा बांध दिसतो, आणि त्याच्या कडेने पाणी. आई तिकडे बघत होती. मी विचारलं, "आई, बरं वाटलं ना?"

"वाटलं."

मग थोड्या वेळाने ती म्हणाली, "म्हातारीनं हात आडवा धरला व्हता ना, तवा तिनं माजी मूठ बघितली. नीट बघितली. घ्याची का नाय घ्याची, इचार केला. मंग नको बोल्ली." तिने आपला तळहात उघडून बघितला. "आज कोनी बघितलीच नाय."

काकीने बघितली, असं मला म्हणता आलं असतं. पण काकीने तर तिला लग्न होऊन आली त्या वर्षीच नळावर आपल्यात घेतलं होतं. आईला तिच्याकडून काही मिळवायचं नव्हतं. ज्यांच्या चुलीपाशी बूट गेले होते त्यांनी कधीतरी बघून, ओळखून, टाक म्हणावं, असं तिला वाटत होतं. त्या सगळ्या आता कुठे शोधायच्या?

ऊन तिच्या बाजूने आत येत होतं आणि ती डोळे बारीक करून अजून बाहेरच बघत होती. मी जरा पुढे सरकून बसले, म्हणजे तिच्या चेहऱ्यावर माझी सावली पडेल.